जोतीरावांचे शेजारी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. म्हणून महात्मा फुले म्हटले की मला आधी त्यांची सुटलेली शाळा आठवते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई लहानपणीच वारली. वडील गोविंदराव फुलांचा धंदा करीत. मुलगा थोडे लिहू-वाचू लागला तोच त्यांनी त्याला शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले. तेव्हा शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव मिशनच्या शाळेत गेले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवू लागल्या. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला.

थोरांची आठवण कशी ठेवावी, हेही त्यांना ठाऊक होते. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजीराजांवर पवाडा रचला. पवाडा ऐकायला अक्षर ओळखावे लागत नाही!

१८९० मध्ये जोतीराव गेले. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत त्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला, तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. पुढे काळ पालटला. आचार्य अत्रे यांच्या १९५४ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. २००३ मध्ये संसदेच्या आवारात पुतळा उभा राहिला. भिडे वाड्याची मोडकळीस आलेली इमारत २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली.

आमच्या गावातही ११ एप्रिलला फोटोला हार घालतात, भाषणे होतात. मी चौथीत असताना सातवीतल्या ताईने तिथे जोतीरावांवर भाषण केले, टाळ्या घेतल्या. त्याच जूनमध्ये तिची शाळा सुटली. हायस्कूल लांब होते आणि घरी कामाला माणूस हवे होते. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी एकही जण आमच्या दादांची समजूत घालायला ओट्यावर आला नाही. माझी शाळा मात्र चालू राहिली.

हार घालू नये असे मी म्हणत नाही. पण वाचकहो, मुन्शींनी आणि लिजिटसाहेबांनी तोंड उघडले नसते, तर आज हार घालायला फोटोच नसता. ताईची मुलगी यंदा बालवाडीत जाते. तिची शाळा सुटायची वेळ आली, तर ओट्यावर मी जाऊन बसणार आहे.