नाण्यावरचा राजा

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव तुम्ही पाहिले असेल. सुमारे २००० वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. तगरचे सुती कापड गाड्यांतून भडोच बंदरात जाई आणि तेथून जहाजाने रोमच्या साम्राज्यात पोहोचे. जहाजे परत येत, तेव्हा रोमची सोन्याचांदीची नाणी घेऊन येत. रोमच्या चांदीच्या नाण्याला देनारियस म्हणत. तुमच्या उर्दूतला दीनार हा शब्द त्यावरूनच आला आहे बरे!

ज्याच्या राज्यात हे भडोच होते, तो राजा म्हणजे नहपान. तो शक वंशाचा. शक लोक मध्य आशियातून भारतात आले होते. नहपानाचे घराणे क्षहरात आणि पदवी क्षत्रप. नाशिक, जुन्नर, कार्ले हा मुलूखही त्याने मिळवला.

त्याची मुलगी दक्षमित्रा आणि जावई उषवदात. उषवदाताने नाशिकला भिक्षूंसाठी लेणे कोरले आणि ३००० कार्षापण दान दिले. ही रक्कम विणकरांच्या संघांकडे ठेवली होती. त्यातील २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १ व्याज मिळे. त्यातून भिक्षूंना कपडे मिळत. तापीसारख्या नद्यांवर त्याने फुकट नावाही ठेवल्या होत्या. परका म्हणून आलेला राजा इथल्या लोकांत असा मिसळला होता.

नहपानाचे चांदीचे नाणे मात्र पाहण्यासारखे आहे. एका बाजूस राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपीतील अक्षरे. खरोष्ठी उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहीत. म्हणजे एकाच नाण्यावर राजाचे नाव तीन लिप्यांत!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला. क्षहरातांचे राज्य संपले. पण त्यांची नाणी लोकांच्या हातात होती. गौतमीपुत्राने ती वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपला शिक्का मारला.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे अशा चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी १३,००० हून अधिक होती. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राचा शिक्का होता. चेहरेही सारखे नव्हते. काही तरुण, तर काही म्हाताऱ्या माणसाचे होते. नवा शिक्का जेथे नीट बसला नाही, तेथे त्याच्याखालून नहपानाचे नाक किंवा एखादे ग्रीक अक्षर अजूनही डोकावते.