आचार्य पॅट्रिक गेडिस

स्कॉटलंडमध्ये टे नावाच्या नदीकाठी पर्थ हे एक लहानसे शहर आहे. शहरालगत किनूल नावाची टेकडी असून तिच्या माथ्यावरून नदीचे वळणावळणाचे पात्र, काठची शेते आणि दूरच्या डोंगररांगा एका दृष्टिक्षेपात दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टेकडीवर एक लहान मुलगा आपल्या वडिलांबरोबर फिरावयास जाई. वडील सैन्यात होते. परंतु बागकामाची त्यांना मोठी आवड. झाडे कशी लावावी, माती कशी ओळखावी, हे त्यांनी मुलास आपल्या बागेतच शिकविले. या मुलाचे नाव पॅट्रिक गेडिस. त्याचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी बॅलटर या गावी झाला. पण तो वाढला या टेकडीवर. शाळेची पुस्तके त्याने वाचली. परंतु त्याचा पहिला धडा बागेत झाला आणि पहिला नकाशा त्याने टेकडीवरून पाहिला.

शालेय शिक्षण संपल्यावर वडिलांच्या इच्छेस मान देऊन पॅट्रिकने सुमारे दीड वर्ष बँकेत नोकरी केली. काम चोख होते. मन मात्र वनस्पतींत गुंतलेले होते. अखेर वडिलांची अनुमती मिळवून तो १८७४ मध्ये वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला. परंतु तेथील शिकविण्याच्या पद्धतीत त्याला जिवंत झाड कोठेच सापडेना. एका आठवड्यातच त्याने विद्यापीठ सोडले आणि तो लंडनला थॉमस हक्सले या थोर शास्त्रज्ञाकडे गेला. पुढे त्याने कोणतीही पदवी घेतली नाही. ज्याच्याजवळ पदवी नाही असा मनुष्य पुढे दोन विद्यापीठीय संस्थांत प्राध्यापक झाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१८७९ मध्ये गेडिस निसर्गातील नमुने गोळा करण्यासाठी मेक्सिको देशात गेले. तेथे त्यांच्यावर एक घोर संकट ओढवले. त्यांची दृष्टी एकाएकी अधू झाली. कित्येक आठवडे त्यांना अंधाऱ्या खोलीत, डोळे झाकून बसावे लागले. ज्याचे सारे जीवन पाहण्यावर अवलंबून, त्याच्यावर न पाहण्याची शिक्षा! परंतु गेडिस खचले नाहीत. खिडकीच्या तावदानांचे चौकोन बोटांनी चाचपीत असता त्यांना एक कल्पना सुचली. कागदाच्या घड्या घालून चौकोन पाडावे आणि प्रत्येक चौकोनात एकेक विचार मांडून त्यांचे परस्परसंबंध शोधावे, अशी रीत त्यांनी बसविली. पुढे दृष्टी सुधारली. पण सूक्ष्मदर्शक यंत्रावर तासन् तास काम करणे त्यांना कठीण झाले. तेव्हा लहानशा काचेखालील जीव सोडून ते माणसांच्या वस्त्यांकडे वळले. प्राणी आणि त्याचे परिसर यांचा जसा संबंध असतो, तसाच माणूस, त्याचा उद्योग आणि त्याचे गाव यांचाही असतो, हा त्यांच्या साऱ्या शिकवणुकीचा गाभा होय.

ही शिकवण त्यांनी प्रथम स्वतः आचरणात आणली. १८८६ मध्ये त्यांचा विवाह ॲना मॉर्टन या संगीतनिपुण स्त्रीशी झाला. त्या काळी एडिंबरोचा जुना भाग म्हणजे उंच, काळवंडलेल्या चाळी, अंधारे बोळ आणि दुर्गंधी. सुखवस्तू लोक तेथून केव्हाच निघून गेले होते. गेडिस पतिपत्नींनी मात्र मुद्दाम त्याच वस्तीत बिऱ्हाड थाटले. त्यांनी शेजाऱ्यांना उपदेश केला नाही. त्यांनी झाडू हाती घेतला, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली. हळूहळू शेजारीही मदतीस आले. पडक्या इमारती दुरुस्त करून १८८७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत.

१८८८ मध्ये डंडी येथील महाविद्यालयात गेडिस वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना वर्षातून केवळ उन्हाळ्याचे तीन महिने शिकवावे लागे. महाविद्यालयाच्या आवारात त्यांनी बाग उभारली आणि तिलाच आपला वर्ग बनविले. हिरवे पान सूर्यप्रकाशातून अन्न निर्माण करते, त्यावर प्राणी जगतात आणि प्राण्यांत माणूसही आला. म्हणून जगाची खरी संपत्ती नाण्यांत नसून पानांत आहे, असे ते विद्यार्थ्यांना परोपरीने पटवून देत. हे आसन त्यांनी १९१९ पर्यंत भूषविले.

उरलेल्या काळात त्यांचे लक्ष एका मनोऱ्यावर असे. एडिंबरोच्या किल्ल्याजवळची एक उंच इमारत त्यांनी १८९२ मध्ये घेतली आणि तिचे ‘दर्शन-मनोरा’ म्हणावे असे एक अपूर्व विद्यालय केले. छपरावर आरसा व भिंग बसविलेले होते. त्यांच्या योगाने खालच्या रस्त्यांचे, चालत्या माणसांचे आणि वाऱ्याने हलणाऱ्या झाडांचे चित्र अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर उमटे. पाहुण्यांना गेडिस प्रथम वर घेऊन जात. चित्र पाहून झाले की सज्जात उभे करून खरे शहर, समुद्र व डोंगर दाखवीत. नंतर एका लहान खोलीत क्षणभर एकटे बसून पाहिलेल्याचे मनन करावयाचे. मग एकेक मजला उतरावयाचा : आधी आपले शहर, नंतर आपला देश, मग आपल्या भाषेचा प्रदेश, त्याखाली युरोप आणि तळमजल्यावर सारे जग. जगाचे ज्ञान हवे असेल तर ते आपल्या अंगणापासून सुरू करावे, हा धडा त्या पायऱ्याच शिकवीत.

हृदय, हात आणि डोके या तिहींचे शिक्षण एकत्र झाले पाहिजे, असा गेडिस यांचा आग्रह होता. जुन्या वस्तीत जेथे जेथे ओसाड जागेचा तुकडा सापडला, तेथे त्यांनी बागा करविल्या. या कामी त्यांची कन्या नोरा हिने पुढाकार घेतला. ज्या मुलांनी फूल कधी हाती धरले नव्हते, ती मुले माती उकरू लागली, बी पेरू लागली. आज ज्यास पर्यावरण शिक्षण म्हणतात, त्याची ही आरंभीची बीजेच होत.

गेडिस यांची कीर्ती हिंदुस्थानात पोहोचली. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना नगररचनेचे प्रदर्शन घेऊन येण्याचे निमंत्रण दिले. १९१४ मध्ये ते निघाले. नकाशे, चित्रे व आराखडे दुसऱ्या जहाजाने येत होते. पहिले महायुद्ध नुकतेच पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि अनेक वर्षांचे श्रम समुद्रतळी गेले. गेडिस यांच्या स्नेह्यांनी नवे साहित्य जमवून पाठविले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले.

त्यानंतर गेडिस गावोगाव हिंडले. सरकारी अधिकारी नकाशावर सरळ रेघ ओढून गरिबांची घरे पाडावयास निघत. गेडिस मात्र पायी फिरत, विहिरी, देवळे, पारावरचे वृक्ष पाहत आणि कमीत कमी घरे पाडून मार्ग काढीत. निष्णात वैद्य जसा रोगी अवयव तेवढाच हाताळतो, तशी ही रीत होती. जुने तलाव बुजवू नयेत, ते स्वच्छ राखावेत, असे ते सांगत.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठोर गेले. थोरला मुलगा अलास्डेर हा त्यांचा उजवा हात. तो फ्रान्समध्ये रणांगणावर एप्रिल महिन्यात मारला गेला. त्या वेळी ॲनाबाई हिंदुस्थानात आजारी होत्या. ही वार्ता त्यांस सहन होणार नाही, म्हणून गेडिस यांनी ती मनातच ठेवली. जूनमध्ये कलकत्त्यास त्यांचेही निधन झाले. मुलाच्या मृत्यूची वार्ता त्यांना अखेरपर्यंत कळली नाही. दोन महिन्यांत पुत्र व पत्नी दोघांनाही मुकलेल्या या माणसाने दुःख गिळून पुन्हा काम हाती घेतले.

होळकरांच्या इंदूर शहरातील त्यांचे काम विशेष स्मरणीय आहे. तेथे प्लेगची धास्ती होती. हा दाढीवाला म्हातारा साहेब जेथे हिंडतो तेथे प्लेग येतो, अशी भोळ्या लोकांची समजूत झाली होती. गेडिस रागावले नाहीत. त्यांनी महाराजांकडून दिवाळीच्या उत्सवाची सूत्रे मागून घेतली. ज्या भागातील घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. लागलीच घरोघर झाडलोट व डागडुजी सुरू झाली. गाड्याच्या गाड्या भरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. त्याचबरोबर शुभ्र वस्त्रे ल्यालेले, गळ्यात हार घातलेले शहराचे सफाई कामगारही मानाने चालत होते. लोकांस तुळशीची रोपे वाटण्यात आली. ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत, त्यांचा भर रस्त्यात असा सन्मान व्हावा, हा केवढा मोठा धडा! तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता. इंदूरविषयीचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग सुरू केला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांना बोलाविले. मुंबई शहर हाच त्यांचा खरा ग्रंथ होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडिस यांच्या शिफारशीने ते इंग्लंडला शिकावयास गेले आणि परत आल्यावर त्यांनीच तो विभाग सांभाळून नावारूपास आणला. जगदीशचंद्र बोस हे गेडिस यांचे मित्र. त्यांचे चरित्र गेडिस यांनी १९२० मध्ये लिहिले. रवींद्रनाथ ठाकूरांशीही त्यांचा स्नेह जडला. त्यांचा धाकटा मुलगा आर्थर याने श्रीनिकेतनात काही काळ काम केले.

गेडिस यांच्यात उणिवा नव्हत्या असे नाही. ते पुटपुटल्यासारखे बोलत. श्रोत्यांस अर्धे शब्द ऐकू येत नसत. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घेत; त्यामुळे पुष्कळ लेखन अपुरे राहिले. परंतु त्यांच्याबरोबर जो एकदा पायी हिंडला, त्याची दृष्टी कायमची बदलून जाई.

१९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी मुंबई सोडली आणि फ्रान्समधील माँपेलिए येथे, खडकाळ माळावर, बाग फुलवून एक नवे विद्यालय उभारले. तेथेच १७ एप्रिल १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. टेकडीवरच्या बागेत सुरू झालेले जीवन माळावरच्या बागेत विसावले.

आपल्या गावातही एखादी टेकडी असेल, नदी असेल, दुर्लक्षित विहीर किंवा ओसाड परसू असेल. तेथे जाऊन डोळे उघडून पाहणे आणि पाहिल्यावर हात मातीत घालणे, हेच या आचार्यांचे खरे स्मरण होय.