विद्यार्थिनी आणि शिक्षिका : एडिथ कॅव्हेल

प्रगतिपुस्तकातील शेरा मुलाच्या पुढील आयुष्याविषयी कितपत सांगतो, हा प्रश्न पालकांच्या मनात नेहमीच असतो. लंडन हॉस्पिटलच्या मेट्रन ईव्हा ल्यूकेस यांनी १८९०च्या दशकात आपल्या एका प्रशिक्षणार्थी परिचारिकेविषयी नोंदवहीत जो अभिप्राय लिहिला, तो कोणत्याही आईवडिलांना अस्वस्थ करणारा होता. अंगी कुवत आहे, पण मनावर घेईल तेव्हाच ती दिसते. कामाविषयी तळमळ फारशी नाही आणि वक्तशीरपणा तर नाहीच, असा त्याचा आशय होता. ती विद्यार्थिनी म्हणजे एडिथ कॅव्हेल. पुढे बेल्जियममध्ये आधुनिक शुश्रूषाशिक्षणाचा पाया घालणारी आणि पहिल्या महायुद्धात प्राण गमावणारी परिचारिका म्हणून तिचे नाव जगभर झाले.

एडिथचा जन्म ४ डिसेंबर १८६५ रोजी इंग्लंडमधील नॉर्विचजवळच्या स्वार्डस्टन या खेड्यात झाला. वडील तेथील चर्चचे धर्मोपदेशक होते. चार भावंडांत एडिथ थोरली. तिचा चित्रकलेत हात चांगला होता. गावातील मुलांच्या रविवारच्या धर्मशाळेसाठी खोली हवी होती, तेव्हा तिने बिशपना पत्र लिहिले आणि स्वतः रंगवलेली कार्डे विकून निधी उभारण्यास हातभार लावला. पीटरबरोच्या निवासी शाळेत ती उत्तम फ्रेंच शिकली आणि या भाषेनेच तिच्या आयुष्याची दिशा ठरवली. काही वर्षे इंग्लंडमध्ये मुलांची शिक्षिका म्हणून काम केल्यावर १८९० मध्ये ती ब्रुसेल्सला एका सधन कुटुंबात मुलांना शिकवू लागली. तेथे ती पाच वर्षे राहिली.

१८९५ मध्ये वडील आजारी पडल्याने ती घरी परतली. त्यांची सेवा करता करता, आपण आयुष्यभर हेच काम करावे, हा विचार तिच्या मनात पक्का झाला. वडील बरे झाले. एडिथ तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होती. बरोबरीच्या अनेकींचे आयुष्य त्या वयात स्थिरावलेले असे, आणि हिला तर अगदी पहिल्या पायरीपासून आरंभ करायचा होता.

ती पहिली पायरी होती लंडनच्या टूटिंग भागातील फाउंटन हॉस्पिटल. हे साथीच्या ज्वरांचे रुग्णालय होते. डिसेंबर १८९५ मध्ये एडिथ तेथे दुसऱ्या श्रेणीची साहाय्यक परिचारिका म्हणून रुजू झाली. आजच्या भाषेत सांगायचे तर वॉर्डातील मदतनीस. प्रतिजैविके अजून यायची होती. लोहितांग ज्वर, घटसर्प यांसारख्या रोगांत औषधापेक्षा शुश्रूषेचाच आधार मोठा असे. रोग्याला वेगळे ठेवणे, अंग पुसणे, वेळेवर दूध-पाणी देणे, बिछाना व भांडी स्वच्छ ठेवणे आणि श्वासावर रात्रभर लक्ष ठेवणे ही कामे करणाऱ्या हातांवर रोग्याचे जगणे-मरणे अवलंबून होते. हे काम आपल्याला पेलते की नाही, हे एडिथने काही महिने येथेच अजमावले.

सप्टेंबर १८९६ मध्ये तिला पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील लंडन हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून प्रवेश मिळाला. मेट्रन ल्यूकेसबाई या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या स्नेही आणि शिस्तीच्या कठोर. दिवस सकाळी सातला सुरू होई आणि रात्री नऊपर्यंत चाले. मध्ये जेवणापुरती थोडी उसंत. वॉर्डातले काम संपले की डॉक्टरांची व मेट्रनची व्याख्याने, टिपणे आणि परीक्षा. वेतन नाममात्र होते. वीस-बावीस वर्षांच्या मुलींबरोबर तिशी ओलांडलेली, परदेशात राहून आलेली, थोडी अबोल अशी ही विद्यार्थिनी उठून दिसत असावी. वहीतला तो प्रतिकूल शेरा याच काळातला.

मात्र त्या वहीबाहेरही तिची परीक्षा चालू होती. १८९७ च्या शरद ऋतूत केंट परगण्यातील मेडस्टोन गावात दूषित पाण्यामुळे विषमज्वराची भयंकर साथ पसरली. सतराशेहून अधिक लोकांना लागण झाली. ल्यूकेसबाईंनी मदतीला ज्या परिचारिका पाठवल्या, त्यांत एडिथ होती. शिक्षण अद्याप पूर्ण झालेले नव्हते, तरी काम पूर्ण जबाबदारीचे होते. साथीत १३२ जण दगावले. इतक्या मोठ्या साथीत हा आकडा याहून पुष्कळ वाढू शकला असता, आणि तो रोखण्यात परिचारिकांच्या अविश्रांत श्रमांचा वाटा होता. गावाने कृतज्ञतेने त्यांना पदक दिले. हयातीत मायदेशात तिला लाभलेला असा सन्मान हाच.

पुढची दहा वर्षे गाजावाजा न होता गेली. खासगी घरांतील रुग्णसेवा, मग सेंट पँक्रस येथील गरिबांच्या रुग्णालयात रात्रपाळीची पर्यवेक्षिका, नंतर शोर्डिच येथे साहाय्यक मेट्रन, अशा पायऱ्या ती चढत गेली. शोर्डिचला असताना, घरी गेलेल्या रुग्णांना पुन्हा भेटून त्यांची विचारपूस करण्याचा प्रघात तिने पाडला. रोगी रुग्णालयातून घरी गेला म्हणजे शुश्रूषा संपत नाही, हे तिने अनुभवातून ओळखले होते.

१९०७ मध्ये ब्रुसेल्सचे शल्यविशारद डॉ. आंत्वान देपाज यांनी तिला बोलावून घेतले. बेल्जियममध्ये तोवर रुग्णसेवा मुख्यतः जोगिणींच्या हाती होती. त्यांची निष्ठा मोठी होती, परंतु नव्या शस्त्रक्रियांना व जंतुनाशक पद्धतींना शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेल्या परिचारिका हव्या होत्या. ऑक्टोबर १९०७ मध्ये एकमेकींना जोडलेल्या काही राहत्या घरांत ही नवी शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. चांगल्या घरातील मुलीने पोटासाठी काम करणे तेथे कमीपणाचे मानले जाई. पुढे राणी एलिझाबेथ यांचा हात मोडला, तेव्हा त्यांनी याच शाळेची परिचारिका मागवली आणि लोकांची दृष्टी बदलू लागली. पाच-सहा वर्षांत ही शाळा तीन रुग्णालये, चोवीस शाळा आणि तेरा बालवाड्यांना परिचारिका पुरवू लागली.

या शाळेत कॅव्हेलबाई सकाळच्या न्याहारीच्या वेळी घड्याळ समोर ठेवून बसत. दोन मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या मुलीला आपल्या मोकळ्या वेळातील दोन तास गमवावे लागत. एके काळी उशिराबद्दल शेरा मिळवणाऱ्या विद्यार्थिनीचे हे रूप पाहून कुणाला हसू येईल. पण मधल्या वर्षांत त्यांनी वॉर्डात रात्री काढल्या होत्या. तापाने फणफणलेल्या रोग्याच्या उशाशी दोन मिनिटांना काय मोल असते, हे त्यांना तेथेच कळले होते. त्यांची शिस्त त्या अनुभवातून आलेली होती.

१९१४ च्या उन्हाळ्यात त्या इंग्लंडला आईकडे आल्या असता युद्धाची वार्ता आली. आपली गरज आता अधिक आहे, असे मानून त्या तातडीने परतल्या. २० ऑगस्टला जर्मन सैन्य ब्रुसेल्समध्ये शिरले. रुग्णालयात कोणत्याही देशाचा जखमी आला तरी त्याची सारखीच सेवा होईल, हे त्यांनी परिचारिकांना बजावले. त्या शरदात मोन्सच्या लढाईत मागे राहिलेले दोन इंग्रज सैनिक आश्रयाला आले. त्यांना त्यांनी लपवले आणि पुढे हॉलंडच्या वाटेला लावले. मग अशांची रीघच लागली. सुमारे दोनशे जणांच्या सुटकेला त्यांचा हात लागला. या कामात धोका होता, तसाच पेचही. रेडक्रॉसच्या छत्राखाली असलेल्या परिचारिकेने हे करावे का, हा प्रश्न आजही विचारला जातो. परंतु दाराशी आलेल्या माणसाला परत पाठवले तर तो मारला जाईल, एवढे त्यांच्यासाठी पुरेसे होते.

५ ऑगस्ट १९१५ रोजी त्यांना अटक झाली. चौकशीत त्यांनी काही लपवले नाही. तुरुंगातून १० ऑक्टोबरला त्यांनी आपल्या परिचारिकांना पत्र लिहिले. आपण कधी कधी फार कठोर वागलो असू, पण तुम्हांला वाटते त्याहून अधिक माया केली, अशी कबुली त्या पत्रात आहे. अमेरिका व स्पेनच्या प्रतिनिधींनी दयेची विनंती केली, ती मानली गेली नाही. १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे फिलिप बोक या बेल्जियन सहकाऱ्यासह त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. वय होते एकोणपन्नास.

त्यांच्या मृत्यूचा युद्धप्रचारासाठी पुरेपूर वापर झाला आणि सूडाच्या घोषणा देत सैन्यभरती वाढवण्यात आली. अखेरच्या रात्री भेटलेल्या धर्मगुरूंजवळ मात्र त्यांनी, देशप्रेम पुरेसे नाही, मनात कुणाविषयी द्वेष वा कटुता असता कामा नये, असा भाव व्यक्त केला होता. लंडनमधील त्यांच्या स्मारकावर हा विचार कोरायला काही वर्षे जावी लागली. १९१९ मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणून नॉर्विच कॅथेड्रलच्या आवारात पुरण्यात आले.

ल्यूकेसबाईंचा शेरा खोटा होता, असे म्हणण्याचे कारण नाही. त्या दिवशी त्यांना जे दिसले, ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पण त्याच मेट्रननी मेडस्टोनला पाठवण्यासाठी तिचीही निवड केली, हेही तितकेच खरे. शेरा लिहून थांबली नाही, पुढचे काम हाती दिले, हे त्या शिक्षिकेचे मोठेपण. आणि शेऱ्यापाशी न थांबता ती काम करीत राहिली, हे त्या विद्यार्थिनीचे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जुनी हजेरीपत्रके चाळताना आपल्यालाही अशी काही नावे आठवतील. मागच्या बाकांवरची, उशिरा येणारी, आणि आज कुठल्या तरी वॉर्डात, वर्गात वा कार्यालयात वेळेवर हजर असणारी.