राष्ट्राध्यक्षांची व्हायवा

मित्रांनो, व्हायवामध्ये फाडफाड बोलणारा मुलगा प्रॅक्टिकलला ब्रेडबोर्डसमोर गप्प उभा राहतो, हे आपण दर सेमिस्टरला बघतो. बोलणं वेगळं आणि काम तडीस नेणं वेगळं. हा फरक लक्षात न आल्यामुळे एका बलाढ्य देशाचा कारभार जवळजवळ दीड वर्ष कसा अडकला, त्याची ही गोष्ट. तिचे नायक आहेत अमेरिकेचे अठ्ठाविसावे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन.

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. हा मुलगा वाचायला फार उशिरा शिकला, पण पुढे त्याने १८८६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. आजवर दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन राष्ट्राध्यक्षाकडे ही पदवी नव्हती. १९०२ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले, मग न्यू जर्सीचे गव्हर्नर आणि मार्च १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळं बसवण्याचं धोरण पसरलं, हा डाग त्यांच्या नावावर आहेच. पण पहिल्या महायुद्धानंतर सगळ्या जगाची नजर त्यांच्याकडे लागली होती. प्रत्येक देशाला स्वतःचा कारभार ठरवू द्यावा, या विचाराशी त्यांचं नाव जोडलं गेलं. आपल्या लोकमान्य टिळकांनीही १९१९ मध्ये भारताची बाजू मांडणारं पत्र त्यांना पाठवलं होतं.

शरीराने मात्र आधीच इशारे दिले होते. १८९६ मध्ये त्यांचा उजवा हात कमजोर झाला, तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले. १९०६ मध्ये एका सकाळी डाव्या डोळ्याला दिसेनासं झालं. तरी काम थांबलं नाही.

सप्टेंबर १९१९. व्हर्सायचा तह आणि त्यातली राष्ट्रसंघाची योजना सिनेटने मंजूर करावी म्हणून विल्सन रेल्वेने देशभर भाषणं देत निघाले. सुमारे तीन आठवड्यांत आठ हजार मैल! कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथल्या भाषणानंतर ते कोसळले आणि गाडी परत फिरवावी लागली. २ ऑक्टोबरला व्हाइट हाउसमध्ये मोठा स्ट्रोक आला आणि डावी बाजू लुळी पडली.

पत्नी एडिथ आणि डॉक्टर केरी ग्रेसन यांनी ही गोष्ट झाकून ठेवली. मंत्रिमंडळाला सांगण्यात आलं की साहेबांचं डोकं अगदी शाबूत आहे. कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा हे एडिथबाई ठरवू लागल्या.

शेवटी ५ डिसेंबरला दोन सिनेटर तपासायला आले. त्यातले अल्बर्ट फॉल तर विरोधी पक्षाचे, म्हणजे अगदी कडक एक्स्टर्नल. विल्सन पलंगावर टेकून बसले होते, डावा हात पांघरुणाखाली. त्यांनी मेक्सिकोच्या प्रश्नावर नीट उत्तरं दिली, एक-दोन विनोदही केले. फॉल यांची खात्री पटली, बाहेर येऊन त्यांनी तसं सांगितलं. व्हायवा पास!

पण प्रॅक्टिकल कुणी घेतलंच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डिस्प्ले आणि मेमरी ठीक होती, पण कुठलं काम आधी, कुठलं नंतर, अडलं तर दुसरा रस्ता कुठला, हे ठरवणारा कंट्रोलर बिघडला होता. डॉक्टर याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की रोग्याला आपलं काही बिघडलंय हेच कधीकधी उमगत नाही. विल्सन स्वतःला जेमतेम लंगडा समजत आणि १९२० मध्ये तिसऱ्यांदा उमेदवारी मिळेल अशी आशा धरून होते.

तहात थोडे फेरफार मान्य केले असते तर तो मंजूर होण्यासारखा होता. विल्सन तसूभर हलले नाहीत. १९ मार्च १९२० च्या मतदानात बाजूने ४९, विरुद्ध ३५, म्हणजे दोन तृतीयांशाला सात मतं कमी. अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. हट्टी ते आधीपासूनच होते, त्यामुळे सगळा दोष स्ट्रोकला देता येणार नाही. पण माघार घेऊन नवा मार्ग काढायची ताकद आजाराने आणखी कमी केली, असं अनेक अभ्यासक मानतात. मार्च १९२१ मध्ये मुदत संपली आणि ३ फेब्रुवारी १९२४ ला ते वारले. राष्ट्राध्यक्ष काम करू शकत नसेल तर काय करायचं, याचे स्पष्ट नियम अमेरिकेच्या घटनेत यायला १९६७ साल उजाडावं लागलं.

मला हे सगळं जवळचं वाटतं, कारण माझ्या मामांना स्ट्रोक झाला होता. डिस्चार्जच्या वेळी हात उचलायला लावला, चालवून पाहिलं, नाव-गाव विचारलं, झालं! मामा दुकानात परत बसले. तोंडी हिशोब अचूक, पण माल मागवणं, पैसे देणं आणि गिऱ्हाईक बघणं एकदम आलं की सगळा गोंधळ. घरात सगळे म्हणायचे, आळशी झालेत, चिडके झालेत. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागद-पेन्सिल देऊन दहा मिनिटांची तपासणी केली तेव्हा खरं कारण कळलं. आता मामा यादी करून एका वेळी एकच काम करतात. दुकान चालू आहे.

ही तपासणी म्हणजे काय? कॅनडात तयार झालेली आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका नावाची ३० गुणांची चाचणी खूप वापरली जाते. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. एक आकडा, एक अक्षर असं आलटूनपालटून रेषेने जोडायचं. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. पाच शब्द थोड्या वेळाने आठवायचे. काही रोगी घड्याळाचे सगळे आकडे उजव्या अर्ध्यातच कोंबतात, डावी बाजू त्यांच्या ध्यानातच येत नाही. साधारण २६ च्या खाली गुण आले तर पुढची सविस्तर तपासणी करतात. कमी गुण म्हणजे लगेच निदान नव्हे. शिक्षण, भाषा, नजर यांचाही परिणाम होतो.

तेव्हा मित्रांनो आणि सर-मॅडम, घरी कुणाला स्ट्रोक झाला आणि ते छान बोलायला लागले, तर आनंद जरूर माना. पण डॉक्टरांना एवढं नक्की विचारा, की हातापायांबरोबर विचार करण्याचीही तपासणी झाली का? विल्सन यांच्या पलंगाशी त्या दिवशी कुणी कागद-पेन्सिल ठेवली नव्हती. आपण ठेवू शकतो.