तांबेऱ्याचा माग काढणारे करमचंद मेहता

तांबेरा पडलेले चवळीचे पान बोटाने चोळले की बोटाला तपकिरी पूड लागते. ती बुरशीच्या बीजाणूंची. भिवंडीच्या भातपट्ट्यात गहू फारसा नाही. पण घाटावर आपले कोणी नातेवाईक गहू करत असतील, तर त्यांच्या पिकावर तांबेरा दरवर्षी नव्याने येतो कुठून, हे विचारून पाहा. आग्रा कॉलेजचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी याच प्रश्नाला आयुष्य दिले.

केंब्रिजहून १९२२ मध्ये डॉक्टरेट घेऊन ते परतले, तेव्हा युरोपातले उत्तर तयार होते. जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी १८६५ मध्ये दाखवले होते, की गव्हाचा काळा तांबेरा दारुहळदीच्या कुळातल्या एका झुडपावर जातो आणि तिथून पुन्हा गव्हावर येतो. अमेरिकेत तर १९१८ पासून ती झुडपे उपटण्याची मोहीमच निघाली. दारुहळद हिमालयातही आहे. मग इथेही तीच दोषी का नसावी?

मेहतांनी ते गृहीत धरले नाही. वर्षानुवर्षे डोंगर आणि मैदाने तपासून त्यांनी दाखवले, की मैदानातला उन्हाळा तांबेऱ्याला मारून टाकतो आणि दारुहळदीचा आपल्याकडे त्यात काही वाटा नाही. खरा आसरा होता तो थंड डोंगरांवर सांडलेल्या दाण्यांतून आपोआप उगवलेल्या गव्हाचा. दुसऱ्या पिकात उगवलेला गहू म्हणजे तणच की!

त्या पानावर घडते ते असे. बीजाणू ओल्या पानावर पडला की त्याला कोंब फुटतो. दव काही तास टिकले पाहिजे, नाहीतर तो सुकून जातो. कोंब सरकत पर्णरंध्राशी पोचतो, तिथे फुगतो आणि आत शिरतो. मग पेशींत शोषक तंतू घालून अन्न ओढतो. साधारण आठ-पंधरा दिवसांत पानाची साल फाडून नवी पूड बाहेर येते आणि वाऱ्यावर निघते.

मेहतांनी हिमालय आणि निलगिरी-पळणी, दोन्हीकडे बोट दाखवले. काळ्या तांबेऱ्यापुरती पुढच्या संशोधनात दक्षिणेचीच बाजू भक्कम ठरली. म्हणूनच आपल्या शेतातला आपोआप उगवलेला गहू उपटून हा रोग थांबत नाही. प्रतिकारक वाण आणि वेळेवर पेरणी यांवरच भर ठेवावा लागतो.

मेहता १९५० मध्ये गेले. त्यांच्या अहवालाचा दुसरा भाग १९५२ मध्ये छापून आला.