शिक्षा म्हणून दिलेले औषध

१९४८ साली मँचेस्टर विद्यापीठाच्या गणित विभागात छत्तीस वर्षांचे एक रीडर रुजू झाले. रीडर म्हणजे आपल्याकडे पूर्वी ज्यांना प्रपाठक म्हणत ते. लेक्चररच्या वर आणि प्रोफेसरच्या खाली. नेमणूक गणितात असली तरी काम होते संगणक प्रयोगशाळेत. ‘कॉम्प्युटर सायन्स’ नावाचा विभाग तेव्हा जगातल्या कुठल्याच विद्यापीठात नव्हता. त्याच वर्षी २१ जूनला मँचेस्टरच्या अभियंत्यांनी स्वतःच्या स्मृतीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारा पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक सुरू करून दाखवला होता. हे यंत्र वापरायचे कसे, ते ठरवणे आणि इतरांना शिकवणे ही नव्या रीडरची जबाबदारी होती. त्यांचे नाव अ‍ॅलन ट्युरिंग.

आज संगणकशास्त्रातला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. जर्मनीच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यातला त्यांचा वाटा आता चित्रपटांमुळे घरोघरी पोचला आहे. मँचेस्टरमधल्या बहुतेक सहकाऱ्यांना मात्र त्याचा पत्ता नव्हता, कारण ते काम १९७० च्या दशकापर्यंत सरकारी गुपित होते. त्यांना दिसत होता तो फक्त एक विक्षिप्त, हुशार, थोडा अबोल शिक्षक. या शिक्षकाच्या शेवटच्या सहा वर्षांकडे आज एका डॉक्टरच्या नजरेने पाहू. त्या वर्षांत वैद्यकशास्त्र त्यांच्या आयुष्यात शिरले, आणि त्या प्रवेशाचे कारण आजार हे नव्हते.

ट्युरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. घराण्याचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते; आईचा जन्म कोइमतूरजवळच्या पोदनूरचा आणि आजोबा मद्रासकडच्या रेल्वेत इंजिनिअर. आईवडील भारतात आणि मुले इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी, अशी त्यांच्या बालपणाची बरीच वर्षे गेली. पुढे केंब्रिजमध्ये शिकताना, १९३६ साली, त्यांनी एक निबंध लिहिला. कुठलीही गणिती पद्धत पायरीपायरीने पार पाडू शकेल अशा एका काल्पनिक यंत्राची मांडणी त्यात होती. बारा वर्षांनी ते मँचेस्टरला आले, तेव्हा त्या कल्पनेशी नाते सांगणारे खरे यंत्र समोर उभे होते.

त्यांचा दिवस कसा जाई? यंत्राशी बोलायची भाषा अवघड होती. आपण दहाच्या पटीत मोजतो, तिथे बत्तीसच्या पटीत मोजावे लागे. प्रत्येक अंकासाठी टेलिप्रिंटरचे एक चिन्ह ठरलेले होते, आणि आकडे उलट्या क्रमाने लिहायचे. शून्यासाठी तिरकी रेघ असल्यामुळे प्रोग्रॅमची पाने तिरक्या रेघांनी भरून जात. ट्युरिंग यांना ही लिपी तोंडपाठ होती आणि इतरांनाही ती सहज यावी, अशी त्यांची अपेक्षा असे. नवशिक्यांसाठी त्यांनी माहितीपुस्तिका लिहिली, पण ती वाचतानाही लोकांना घाम फुटे. ते बोलताना अडखळत, मधेच विचारात हरवत, आणि समोरच्याला आपल्याएवढे समजत नाही हे त्यांच्या लक्षातच येत नसे. असा एखादा मास्तर आपल्यापैकी अनेकांनी कॉलेजात अनुभवला असेल.

१९५१ च्या फेब्रुवारीत फेरांटी कंपनीने बांधलेला मोठा संगणक विद्यापीठात आला. त्यात यादृच्छिक, म्हणजे कुठलाही क्रम नसलेले आकडे देणारी सोय होती. ती ट्युरिंग यांच्या सूचनेवरून बसवली होती. दिवसा यंत्रावर बऱ्याच जणांचा हक्क असे, म्हणून ट्युरिंग रात्री काम करत. पडद्यावरचे ठिपके वाचायचे, यंत्राच्या भोंग्याचा आवाज ऐकायचा, चूक सापडली की कागदी पट्टीवर नवी भोके पाडायची आणि पहाटे घरी जायचे.

घर विल्म्सलो या गावात होते, विद्यापीठापासून पंधराएक किलोमीटरवर. हे अंतर ते सायकलने आणि कधी कधी चक्क धावत कापत. धावणे हा त्यांचा नुसता छंद नव्हता. १९४७ साली इंग्लंडमधल्या एका प्रमुख मॅरेथॉन स्पर्धेत ते पाचवे आले होते. वेळ होती २ तास ४६ मिनिटे. पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिक जिंकणाऱ्या धावपटूला सुमारे २ तास ३५ मिनिटे लागली, यावरून त्यांची तयारी लक्षात येईल. पायाच्या दुखापतीमुळे पुढे त्यांच्या स्पर्धा थांबल्या, पण धावणे सुटले नाही.

त्यांना एक त्रास होता, परागकणांच्या अ‍ॅलर्जीचा. युद्धकाळात जून महिना आला की ते तोंडावर गॅस मास्क चढवून सायकलवरून कामावर जात. लोक हसत, पण उपाय शास्त्रशुद्ध होता. परागकण नाकात गेले की शरीर त्यांना शत्रू समजते, हिस्टामिन नावाचे रसायन सोडते, आणि मग शिंका, पाणावलेले डोळे, चोंदलेले नाक हे सगळे सुरू होते. कण नाकापर्यंत पोचूच दिला नाही तर ही साखळी सुरूच होत नाही. गाजरगवताच्या हंगामात आम्ही रुग्णांना मास्क लावायला सांगतो, ते याच कारणाने.

मँचेस्टरच्या रात्रींत त्यांच्या डोक्यात जीवशास्त्राचा एक प्रश्न घोळत होता. गर्भ सुरुवातीला एकसारख्या पेशींचा गोळा असतो. मग त्यातून बोटे, ठिपके, पट्टे अशी ठरावीक अंतरावरची रचना कशी उमटते? १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी उत्तर सुचवले. वेगवेगळ्या वेगाने पसरणारी दोन रसायने एकमेकांवर क्रिया करत असतील, तर एकसारख्या पृष्ठभागावरही आपोआप नक्षी तयार होऊ शकते. सूर्यफुलातल्या बियांच्या वळणांची मांडणी ते संगणकावर तपासत होते. या कल्पनेला प्रयोगांचा आधार मिळायला अनेक दशके गेली. उंदराच्या टाळूवरच्या वळ्या आणि बोटांची घडण यांत अशी यंत्रणा असल्याचे पुरावे या शतकात मिळाले आहेत.

हा निबंध छापून येण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १९५२ मध्ये, त्यांच्या घरी चोरी झाली. त्यांनी पोलिसांत तक्रार केली. चौकशीत त्यांचे एका तरुणाशी शारीरिक संबंध असल्याचे निघाले, आणि त्यांनी ते लपवले नाही. इंग्लंडमध्ये १८८५ च्या कायद्याने पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होते. चोरीची तक्रार करायला गेलेला माणूस आरोपी झाला. ३१ मार्च १९५२ रोजी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तुरुंगाऐवजी एक वर्षाची देखरेख मिळाली, पण मँचेस्टरच्या रुग्णालयात उपचार घेण्याच्या अटीवर. उपचार म्हणजे इस्ट्रोजेन, स्त्रियांच्या शरीरातले संप्रेरक.

हे औषध पुरुषाच्या शरीरात काय करते, ते समजून घेऊ. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना टेस्टोस्टेरॉन तयार करायचा आदेश देते. बाहेरून इस्ट्रोजेन दिले की ती हा आदेश थांबवते. टेस्टोस्टेरॉन घसरते, कामेच्छा मंदावते, नपुंसकता येते, छाती स्त्रीसारखी वाढू लागते. स्नायूंचे बळ कमी होते आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्याच काळात हेच औषध प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना खरा दिलासा देत होते, कारण तो कर्करोग टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. तिथे आजार होता आणि औषधाला कामही होते. ट्युरिंग यांना कुठलाच आजार नव्हता. शिवाय इच्छा दाबल्याने आकर्षणाची दिशा बदलत नाही. भूक मारणारी गोळी दिली म्हणून माणसाची आवडती भाजी बदलत नाही, तसेच हे.

या वर्षभरात त्यांनी विद्यापीठातले काम चालू ठेवले. त्यांच्या शरीरात नको ते बदल झाले. सरकारच्या गुप्त कामातला सल्लागार म्हणून असलेला त्यांचा प्रवेश बंद झाला. विद्यापीठाने मात्र त्यांना दूर केले नाही. १९५३ साली संगणनाच्या सिद्धान्तासाठी खास रीडरचे पद निर्माण करून त्यांना दिले. तेव्हाच्या वातावरणात ही लहान गोष्ट नव्हती.

७ जून १९५४ रोजी विल्म्सलोच्या घरी त्यांचा विषबाधेने मृत्यू झाला. वय ४१. मृत्यूच्या अधिकृत चौकशीत ही आत्महत्या ठरली. आईने हा निष्कर्ष कधीच मान्य केला नाही. मुलगा घरी रसायनांचे प्रयोग करत असे, त्यातून अपघात झाला असे तिचे मत होते. काही अभ्यासकही चौकशी घाईत उरकल्याचे सांगतात. उपचार संपून तोवर वर्षाहून अधिक काळ लोटला होता. म्हणून या मृत्यूला एकच कारण चिकटवणे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर नाही. उपचार अन्यायाचा होता हे ठरवायला त्या मृत्यूचा आधार लागतही नाही.

दोष कायद्याचा होता, पण गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या. औषध देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे लागतात: आजार आहे का, औषधाने तो बरा होईल का, आणि रुग्णाची संमती आहे का. इथे पहिल्या दोन्हींचे उत्तर नाही असे होते. एका हातात तुरुंग आणि दुसऱ्या हातात गोळी धरून घेतलेला होकार हा तर होकारच नव्हे. अ‍ॅप्रन घातल्याने शिक्षेचे उपचार होत नाहीत.

समलैंगिकता हा आजार नाही, हे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली मान्य केले. ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ साली ट्युरिंग यांच्याबाबत माफी मागितली, २०१३ साली राणीने त्यांना मरणोत्तर क्षमा दिली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. ट्युरिंग यांच्या वडिलांनी ज्या मद्रास इलाख्यात नोकरी केली, तिथल्या उच्च न्यायालयाने २०२१ साली लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदीचे निर्देश दिले. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. समाजाच्या नैतिक कल्पनांत बसत नाही म्हणून कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही आहे.

तरीही मुलाला किंवा मुलीला घेऊन येऊन यावर काही औषध आहे का, असे विचारणारे पालक आजही ओपीडीत भेटतात. काही जण आधी बुवाकडे जाऊन आलेले असतात, काहींनी लग्न लावून द्यायचे ठरवलेले असते. त्यांची काळजी खरी असते. त्यांना सांगायचे ते एवढेच की कल बदलणारे औषध नाही आणि त्याची गरजही नाही. गरज असते ती घरातल्यांनी ऐकून घेण्याची. मूल गप्प राहू लागले, झोप आणि जेवण बिघडले, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर मात्र उशीर करू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात या किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.