रानफुलांचा गृहप्रवेश

इंग्लंडचा हिवाळा लांबलचक आणि करड्या रंगाचा. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधारून येते, झाडे निष्पर्ण उभी असतात आणि आठवडेच्या आठवडे सूर्यदर्शन दुर्मीळ होते. मग केव्हा तरी ओल्या मातीतून स्नोड्रॉपची पांढरी घंटाफुले डोकावतात. त्यांच्यामागून प्रिमरोझ येते, डॅफोडिलची पिवळी रांग उभी राहते आणि विलोच्या डहाळ्यांवर मांजराच्या पंजासारख्या मऊ, रुपेरी कळ्या धरतात. हा रंग घरात आणावा, ही ओढ त्या देशात गरीब-श्रीमंत सर्वांनाच. पण विसाव्या शतकाच्या आरंभी फुलांनी सजलेले घर म्हणजे ज्याच्याकडे काचगृह आहे, माळी आहे आणि पैसा आहे त्याचे घर, अशीच समजूत होती. ही समजूत मोडण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या स्त्रीचे नाव कॉन्स्टन्स स्प्राय.

त्यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील डर्बी या शहरात झाला. वडील जॉर्ज फ्लेचर हे मूळचे रेल्वेतील कारकून. शिक्षणाच्या बळावर त्यांनी आपली परिस्थिती पालटली आणि पुढे आयर्लंडच्या कृषी व तंत्रशिक्षण खात्यात ते अधिकारपदावर गेले. कुटुंब आयर्लंडला स्थायिक झाले. कॉन्स्टन्स यांचे शिक्षण फुलांचे नव्हते. त्यांनी आरोग्यशास्त्र, शरीरशास्त्र आणि घरोघर जाऊन करावयाच्या शुश्रूषेचा अभ्यास केला. क्षयरोगाने त्या वेळी आयर्लंड पोखरला होता. त्याविरुद्ध लेडी अ‍ॅबरडीन यांच्या पुढाकाराने चाललेल्या महिलांच्या आरोग्य चळवळीत तरुण कॉन्स्टन्स प्रथमोपचार आणि गृहशुश्रूषेवर व्याख्याने देऊ लागल्या. गरिबांची घरे, त्यांतली ओल, काळोख आणि कळकटपणा त्यांनी याच काळात जवळून पाहिला.

१९१० साली जेम्स हेपेल मार यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मार कोळशाच्या खाणीच्या कारभाराशी संबंधित होते आणि बिऱ्हाड किलकेनी परगण्यातील एका खेड्यानजीक होते. १९१२ मध्ये मुलगा अँथनी जन्मला. मात्र हा संसार सुखाचा झाला नाही. १९१६ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, लहानग्याला घेऊन त्यांनी ते घर सोडले आणि त्या इंग्लंडला परतल्या. त्या काळी नवऱ्याचे घर सोडून स्वतःच्या पायावर उभे राहणे ही सोपी गोष्ट नव्हती. कामगार स्त्रियांच्या कल्याणाची देखरेख, नंतर सरकारी खात्यातील स्त्री कर्मचाऱ्यांचे प्रमुखपद अशा नोकऱ्या करीत त्यांनी आपला आणि मुलाचा चरितार्थ चालविला.

१९२१ साली पूर्व लंडनमधील होमर्टन आणि साउथ हॅकनी येथील दिवसपाळीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्यांच्या आयुष्याला खरी दिशा येथे मिळाली. कोवळ्या वयातच कारखान्यात कामाला जुंपलेल्या मुली या शाळेत येत. त्यांना स्वयंपाक, शिवण, घरकाम शिकवायचे, हा अभ्यासक्रम. कॉन्स्टन्स यांनी त्यात फुलांची भर घातली. दुकानातून फुले विकत घेण्याची या मुलींची ऐपत नव्हती. म्हणून आपल्या बागेतली आणि शेतांच्या कुंपणात उगवणारी फुले, पाने, डहाळ्या घेऊन त्या वर्गात येत. मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलेल्या चार काटक्याही खोलीचा चेहरा पालटून टाकतात, हे त्या मुलींना स्वतःच्या हातांनी अनुभवायला मिळाले. सौंदर्य ही पोटभर जेवल्यानंतरची चैन नसून सन्मानाने जगण्याचा भाग आहे, ही त्यांची धारणा याच वर्गात पक्की झाली.

हेन्री स्प्राय हे त्यांच्या जीवनात आले ते याच सुमारास. मित्रमंडळी त्यांना शाव म्हणत. १९२६ पासून दोघे एकत्र राहू लागले आणि कॉन्स्टन्स यांनी स्प्राय हे आडनाव धारण केले. जगाच्या लेखी ते पती-पत्नी होते. कायद्याने मात्र त्यांचा विवाह कधीच झाला नाही, ही गोष्ट अनेकांना त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी चरित्रातून कळली.

१९२८ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, निवृत्तिवेतनाची नोकरी सोडून त्यांनी फुलांच्या व्यवसायात उडी घेतली. लंडनच्या पिम्लिको भागात छोटेसे दुकान निघाले. रंगभूमीचे नेपथ्यकार नॉर्मन विल्किन्सन यांच्यामुळे त्यांना चित्रपटगृहांच्या सजावटीची कामे मिळाली आणि पाठोपाठ ओल्ड बाँड स्ट्रीटवरील अ‍ॅटकिन्सन या अत्तरांच्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजविण्याचे काम आले. कार्नेशनचे घट्ट गुच्छ आणि भोवती फर्नची नाजूक पाने, हा त्या वेळचा सर्वमान्य थाट. कॉन्स्टन्स यांनी खिडकीत मांडले ते कुंपणावरचे रानवेल, हॉप्सचे झुबके, बिया धरलेल्या वाळक्या काड्या आणि शरदात लाल झालेली पाने. शहरातल्या सर्वांत महागड्या रस्त्यावर रान अवतरले होते. ते पाहण्यासाठी काचेपाशी गर्दी होऊ लागली आणि त्यांचे नाव लंडनभर झाले.

१९३४ साली व्यवसाय मेफेअरमधील साउथ ऑडली स्ट्रीटवर आला. कर्मचाऱ्यांची संख्या सत्तरच्या घरात गेली. त्याच वर्षी त्यांनी पुष्परचनेची शाळा काढली आणि त्यांचे पहिले पुस्तकही प्रसिद्ध झाले. गृहसजावटकार सिरी मॉम यांच्या शुभ्र दिवाणखान्यांत कॉन्स्टन्स यांच्या पांढऱ्या फुलांच्या रचना शोभू लागल्या. चित्रकार ग्लक यांनी अशीच एक शुभ्र रचना चित्रबद्ध केली. १९३२ ते १९३६ या काळात या दोघींत प्रेमसंबंध होता, आणि ग्लक यांच्या पुष्पचित्रांवर त्याची छाप आहे.

त्यांची पद्धत वरवर साधी, पण तिच्यामागे निरीक्षण होते. भाजीच्या मळ्यातील केलची कुरळी पाने, र्‍हुबार्बची भलीमोठी पाने, शेवाळलेल्या फांद्या, पिकलेली बोरासारखी फळे, काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. फुलदाणीच हवी असा आग्रहही नव्हता. केक भाजण्याचा पत्र्याचा साचा, रस्सा वाढायचे भांडे, पक्ष्यांचा पिंजरा यांतून त्यांच्या रचना उभ्या राहत. भांड्याच्या तळाशी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी चुरगाळून बसविली की दांडे हवे तसे कलते राहतात. लाकडी दांड्याची फांदी खालून चिरावी म्हणजे ती पाणी नीट शोषते. लायलॅकची पाने काढून टाकावीत म्हणजे पाणी फुलोऱ्याला पुरते. आणलेली फुले रचण्याआधी काही तास खोल पाण्यात बुडवून ठेवावीत. हिवाळा सरता सरता कळ्या धरलेल्या फांद्या तोडून ऊबदार खोलीत पाण्यात ठेवल्या, तर बाहेर थंडी असतानाच घरात वसंत फुलतो. अशा गोष्टींसाठी फार पैसा लागत नाही. लागते ती नजर आणि थोडा धीर. १९५१ मध्ये त्यांनी हिवाळा-वसंत आणि उन्हाळा-शरद अशी ऋतूंची विभागणी करून दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली.

यात एक विसंगती होतीच. चार आण्यांत घर सजवा असे सांगणाऱ्या बाईंचे गिऱ्हाईक मात्र सरदार-उमराव आणि राजघराणे होते. १९३५ साली ड्यूक ऑफ ग्लॉस्टर यांच्या विवाहाची फुले त्यांनी सजविली. १९३७ साली राजत्याग केलेल्या ड्यूक ऑफ विंडसर आणि वॉलिस सिम्प्सन यांच्या फ्रान्समधील विवाहालाही फुले त्यांचीच होती. राजघराण्याची नाराजी ओढवण्याची जोखीम असतानाही त्यांनी हे काम नाकारले नाही. मात्र श्रीमंतांकडून मिळालेली कीर्ती त्यांनी व्याख्याने आणि पुस्तके यांच्या वाटेने सामान्य गृहिणीपर्यंत नेली. फुलहॅम पॉटरीने त्यांच्या कल्पनेनुसार फुलदाण्या घडविल्या आणि त्या अनेक मध्यमवर्गीय घरांत पोहोचल्या.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा फुलांच्या वाफ्यांत बटाटे-कांदे लागले. कॉन्स्टन्स यांनी देशभर फिरून स्त्रियांपुढे व्याख्याने दिली आणि १९४२ साली परसातल्या भाजीपाल्याचा उपयोग सांगणारे पुस्तक लिहिले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, रोझमेरी ह्यूम यांच्या साथीने त्यांनी विंडसरजवळ विंकफील्ड प्लेस येथे गृहशास्त्राची निवासी शाळा सुरू केली.

२ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांचा राज्याभिषेक झाला. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी आणि मिरवणुकीच्या मार्गावरील फुलांची जबाबदारी कॉन्स्टन्स यांच्यावर होती. परदेशी पाहुण्यांच्या भोजनाचे काम त्यांच्या शाळेकडे आले आणि ह्यूम यांनी करी पावडर घातलेल्या मेयोनीजमधील थंड कोंबडीचा पदार्थ सिद्ध केला. कॉरोनेशन चिकन या नावाने तो आजही ब्रिटनमध्ये घरोघर खाल्ला जातो. त्याच वर्षी कॉन्स्टन्स यांना ओबीई हा सन्मान मिळाला. १९५६ साली दोघींचा हजारांहून अधिक पानांचा पाकग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तोच त्यांची मोठी ओळख ठरला. ३ जानेवारी १९६० रोजी विंकफील्ड येथे जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. त्या ७३ वर्षांच्या होत्या.

त्यांच्या कामाची खरी कसोटी मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी लागली. २००४ साली लंडनच्या डिझाइन म्युझियमने त्यांच्यावर प्रदर्शन भरविले आणि वादळ उठले. यंत्रे आणि उपयुक्त वस्तूंची रचना हा विषय असलेल्या संस्थेने फुलांच्या सजावटीकडे वळावे, हे अनेकांना रुचले नाही. संस्थापक टेरेन्स कॉनरन यांनी नापसंती दर्शविली आणि उद्योजक जेम्स डायसन यांनी संस्थेचे अध्यक्षपद सोडले. पुढच्या दिवशी कोमेजणाऱ्या आणि बहुधा बायकांच्या हातून घडणाऱ्या गोष्टीला कला म्हणायचे की नाही, हा प्रश्न त्यानिमित्ताने ऐरणीवर आला. हॅकनीच्या मुलींना मात्र तो पडला नसता. काळवंडलेल्या खोलीत डहाळी ठेवण्यापूर्वीचा आणि नंतरचा फरक त्यांनी पाहिला होता.

कॉन्स्टन्स यांना जुन्या जातीच्या गुलाबांचे वेड होते. विस्मरणात चाललेल्या अनेक जाती त्यांनी जमवून आपल्या बागेत जतन केल्या. त्यांच्या निधनानंतर, १९६१ मध्ये, डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या आणि नव्या गुलाबांच्या संकरातून एक नवी जात आणली आणि तिला कॉन्स्टन्स स्प्राय हे नाव दिले. तिची फुले गुलाबी, भरगच्च आणि सुगंधी असतात. बाजारातल्या गुलाबांप्रमाणे ती बारमाही फुलत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, वर्षातून एकदाच, ती बहरते.